एका फळीवरचे दोघे

माझ्या धाकट्या भावाला आयुष्यात दोन कामं मनापासून जमली. एक म्हणजे सोफ्याला कापड ताणून बसवणं आणि दुसरं गिटार घेऊन उभं राहणं. संसार त्याच्या बायकोने केला. ती म्हणते, "त्यांनाही शिकवला असता, पण दोन्ही हात कायम गुंतलेले."

घरात तो धाकटाच. साठी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, तरी धाकटाच. त्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. बाहेर फुटपाथवर खुर्च्यांचे उघडे सांगाडे, आत फोमचे गठ्ठे आणि रेक्झीनच्या गुंडाळ्या. कापड ठोकायच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरून काम करायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला उत्तर "हं" नाहीतर "अंहं". लोकांना वाटायचं, कमी बोलणारा माणूस आहे, सरळ असेल. तोंडातल्या चुका संपल्या की कळायचं.

आणि गाणी. आमच्याकडे कोणी गाणारं नव्हतं. आईला ओवीसुद्धा सुरात येत नसे. ह्याने कुठून तरी गिटार मिळवली, माऊथ ऑर्गन मिळवला, तो गळ्यात तारेने अडकवला आणि रॉक म्हणायला लागला. पण चकचकीत रॉक नव्हे. तो म्हणायचा, "ताई, हे मुळातलं आहे, मातीतलं." रस्त्याची गाणी, ट्रकवाल्याची, सुकलेल्या माळाची, घर सोडून निघालेल्या माणसाची. गंमत अशी की हा स्वतः आमच्या गल्लीच्या टोकापलीकडे राहायला गेला नाही. बायको माहेरी गेली की माझ्याकडे जेवायला. एकदा मी म्हटलं, "अरे, घर सोडायची गाणी म्हणतोस, आणि मीठ संपलं तर शेजारी मागायला मला पाठवतोस." तर म्हणाला, "जो खरंच जातो त्याला गाणं रचायला वेळ कुठे असतो?" उत्तराला तो कधी कमी पडला नाही. तेच पुढे नडलं.

ही गोष्ट त्याच्या गाण्याची आहेच, पण जास्त त्याच्या आणि पत्र्याच्या जोडीची आहे. ती जोडी कशी मोडली ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यात मी काही करू शकले असते असं मला वाटत नाही. तरी ते डोक्यातून जात नाही.

पत्र्या म्हणजे त्याचा ड्रम वाजवणारा. पत्रे वाकवायच्या कारखान्यात कामाला होता, म्हणून हे नाव. मोठमोठ्या इमारतींत थंड हवा फिरवायला पत्र्याच्या चौकोनी नळ्या लागतात ना, त्या तो ठोकून वाकवायचा. तिथे इतका आवाज की मालकही हातवारे करून शिव्या द्यायचा. पंधरा-सोळा वर्षांचा असताना चिकटला, तो तिथेच म्हातारा झाला. अंगाने रुंद, हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. गल्लीत त्याचं नाव घमेंडखोर. मागून हाक मारली तर वळून बघायचा नाही. माझी भावजय म्हणायची, "दगडाला पाझर फुटेल, पण ह्यांच्या दोस्ताला ओ फुटायची नाही." समोर बसला की मात्र तुमच्या तोंडाकडे इतकं टक लावून ऐकायचा की बोलणाऱ्याला वाटे, आपण काहीतरी मोठं सांगतोय. मला तो त्यामुळे फार आवडायचा. माझं दुखणं इतक्या मन लावून घरातल्या कोणी कधी ऐकलं नाही.

दोघांची एक सवय होती. वाजवायला कुठेही गेले तरी बरोबर एक फळी न्यायची. जाड प्लायवूडची, दाराएवढी, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेली. एका टोकाला धाकटा उभा, दुसऱ्या टोकाला पत्र्याचं स्टूल आणि ड्रम. धाकट्याच्या पायात जाड टाचेचे बूट. गाताना तो उजव्या पायाने त्या फळीवर ताल ठोकायचा, धप्, धप्, आणि पत्र्या त्यावर वाजवायचा. सुरुवात कशी झाली तर म्हणे, पहिल्यांदा कुणाच्या तरी लग्नात वाजवायला गेले तेव्हा मांडवात चिखल होता, म्हणून दोघं एका फळीवर चढले. पुढे फरशी असो, स्टेज असो, पत्र्या म्हणायचा, "फळी घे." धाकट्याला वाटायचं, शकुनाचं काहीतरी असेल. कारागीर माणसाचे शकुन असतात. आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीचा इस्त्रीवाला डाव्या बाहीला आधी हात लावत नसे. त्याला कोणी कारण विचारलं का?

अशी त्यांची वर्षं गेली. लग्नं, कारखान्यांची स्नेहसंमेलनं, एका खानावळीच्या मागच्या खोलीत शनिवारची संध्याकाळ. ऐकायला येणारे तेच तेच लोक, आणि तेही हळूहळू कमी होत गेले. काही देवाघरी गेले, काही सुनेच्या घरी. राहिलेले माना हलवत ऐकायचे. धाकट्याला ते बोचायचं.

मग एका म्हातारबुवांचा सोफा आला. म्हणजे सोफा आला नाही, हाच त्याच्याकडे गेला, कारण तो सोफा दारातून बाहेर निघेना. एवढा सोफा आत कसा गेला हे त्या घरात कोणालाच आठवत नव्हतं. मोठं घर, एकटे म्हातारबुवा, आणि एका भिंतीला जुन्या तबकड्यांचं कपाट. सकाळी चहा झाला की ते तबकडी लावून डोळे मिटून बसायचे. धाकटा खाली जमिनीवर, स्प्रिंगा बांधत. दोन दिवसांचं काम, ह्याने आठवडा लावला. भावजयीला वाटलं, कामात काही अडलं. अडला होता हाच.

एका दुपारी माझ्याकडे आला. चहा समोर ठेवला तर निवून गेला.

"ताई, तो माणूस रडतोय."

"कोण, म्हातारबुवा?"

"नाही गं, तबकडीतला. त्याला बाई सोडून गेलीय. गळा काढून सांगतोय. आणि मागे पिपाण्या वाजतायत, आणि जमिनीवर बसल्या बसल्या माझे खांदे हलतायत. आम्ही दुःख सांगतो तेव्हा लोक आपापले बूट बघतात."

"म्हणजे दुःख झालं की नाचायचं?"

"दुःख झालं तरी नाचायचं."

त्याला सोल म्हणतात, त्यातलं जास्त उड्या मारणारं ते फंक, असं त्याने मला समजावलं. म्हणाला, आपण लहान होतो तेव्हाचं आहे, दुसऱ्या मुलखातलं. मी विचारलं, "मग जुनंच की. तू त्यात नवीन काय करणार?"

"जुनाच सांगाडा. फोम नवा घालायचा."

"सोफ्यासारखं."

"अगदी सोफ्यासारखं," म्हणाला, आणि तो निवलेला चहा एका घोटात प्यायला. त्या वयात त्याच्या डोळ्यांत तशी चमक मी पुन्हा बघेन असं मला वाटलं नव्हतं. मी खूश झाले. खोटं कशाला बोलू.

पत्र्याला त्याने दुकानात बोलावलं, समोर बसवलं आणि सांगितलं. मी डबा द्यायला गेले होते, तिथेच होते. पत्र्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "तू जिथे, तिथे मी. फळी असेल ना?"

"फळी कुठे जाते?" धाकटा हसला.

नवी मंडळी जमली. बेस गिटार वाजवायला घड्याळं दुरुस्त करणारा एकजण आला. त्याला गप्प राहायची इतकी सवय की दोन ठोक्यांच्या मध्ये तो श्वासही घेत नसेल. आणि ट्रम्पेटला एक बाई, शहरातली बस चालवणारी. पस्तिशीची, जोरकस, केस बारीक कापलेले. बसमध्ये भोंगा वाजवायला बंदी आली, त्याची कसर इथे काढते, असं स्वतःच सांगायची. माझ्या भावाला ती काका म्हणाली, ते त्याला पहिले दोन महिने पचलं नाही.

दुकानातच तालीम व्हायची, सांगाड्यांच्या मधल्या जागेत. मी कधी कधी जाऊन फोमच्या गठ्ठ्यावर बसायचे. त्याहून चांगली बैठक आमच्या घरात नाही. मला गाण्यातलं कळत नाही, पण एवढं कळलं की ह्या गाण्यात पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम पडायचं, आणि मग ज्याने त्याने आपली पाळी येईपर्यंत तोंड मिटून राहायचं. त्या मोकळ्या जागेतच सगळी मजा. धाकट्याचा गळा त्यात असा काही मोकळा झाला की भावजय गल्लीतल्या घरातून पोळपाट घेऊन दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. फक्त त्याचा पाय ऐकेना. मोकळी जागा आली की त्याचा बूट तिथे धप्. इतक्या वर्षांचा पाय, तो काय सांगून थांबतो?

पत्र्याचं मात्र छान चाललं होतं. अवघड होतं त्याला, घाम निथळायचा, पण धरून होता. ते दोघं फळीवर, बाकीचे खाली.

एके दिवशी बसवाल्या बाईने तालमीतलं गाणं मोबाइलवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकवलं. गाणं संपल्यावर म्हणाली, "काका, फार सुंदर झालंय. पण शेजारी कोणीतरी घर पाडतंय."

सगळे हसले. पत्र्याही हसला. धाकटा ओशाळला. त्याने पुन्हा लावून ऐकलं. खरंच, पिपाणी थांबायची, बेस थांबायचा, आणि मध्येच धप्. बाई चांगल्या मनाची, तिने लगेच सावरून घेतलं, "अहो, होईल सवय." पण ह्याच्या मनाला ते लागलं. कारागीर माणूस. शिवण बाहेर दिसली तर सोफा उसवून पुन्हा शिवणारा.

कार्यक्रम ठरला होता एका मोठ्या सभागृहात. पूर्वी ते सूत साठवायचं गोदाम होतं, आता तिथे नाटकं आणि गाणी. धाकट्याने सगळ्यांसाठी कोट शिवायला घेतले. कापड कुठलं, तर म्हातारबुवांच्या सोफ्याची उरलेली मखमल, गर्द तांबडी. घरी घालून दाखवला तेव्हा मी म्हटलं, "सोफा उठून चालायला लागला." माझी नात म्हणाली, "आजी, ह्यालाच स्टाइल म्हणतात." असेल. चौघांना पुरूनही मखमल उरली, आणि इथेच ते घडलं. त्याने पायाखाली घ्यायला एक गादी केली. चार बोटं जाडीचा दाट फोम, त्यावर तीच मखमल, कडेला दोरीचा गोट. पाय कितीही आपटला तरी हूं की चूं नाही. त्याच्या हातची ती सगळ्यात सुबक वस्तू असेल. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शेवटचा टाका घातला. तालमीला ती गादी कोणी बघितलीच नाही. त्याला सगळ्यांना चकित करायचं होतं.

आणि फळी राहिली दुकानात.

मी तेव्हा स्टेजच्या मागच्या बाजूला कोट नीट करत होते, खांद्यावरची मखमल इस्त्रीला दबली होती. पत्र्या ड्रम लावता लावता थांबला. "फळी?"

"अरे, इथे गालिचा आहे. एवढ्या कोटांवर ती चहा सांडलेली फळी दिसेल का बरी? आता तिची गरज नाही आपल्याला."

पत्र्याने त्याच्याकडे बघितलं, मग त्या गादीकडे. मखमलीवर हात फिरवला, दाबून बघितली. "चांगली केलीस," म्हणाला. जाऊन आपल्या स्टुलावर बसला. मी त्याला कोट चढवला तेव्हा त्याची पाठ ओली होती. मला वाटलं, मखमल गरम होत असेल.

सभागृह भरलं होतं. बसवालीच्या डेपोतले सगळे आले होते, घड्याळवाल्याचं कुटुंब, आमची गल्ली. मी आणि पत्र्याची बायको दुसऱ्या रांगेत शेजारी शेजारी. पहिलं गाणं सुरू झालं. सुरुवातीला बरं चाललं, मग मला काहीतरी तिरकं वाटायला लागलं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं. पिपाणी एकीकडे, ड्रम दुसरीकडे. पत्र्या मान पुढे काढून बघत होता, कुठे बघतोय ते मला कळेना. शेजारी त्याच्या बायकोने माझा हात धरला.

धाकट्याने गाता गाता मागे वळून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. दुसऱ्या गाण्यात ड्रम इतका मागे पडला की घड्याळवाल्याने वाजवायचं थांबवून पुन्हा सुरुवात केली. लोकांत कुजबुज झाली. आणि माझ्या भावाने, ज्याला उत्तर कधी कमी पडलं नाही, माईकमध्ये सांगितलं, "माफ करा मंडळी. आमचा दोस्त दिवसभर पत्रे ठोकतो. अजून सुट्टी झाली नाही त्याची."

सभागृह हसलं. चांगलंच हसलं. त्याने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं, प्रसंग सावरायला म्हटलं. पण सगळी तोंडं पत्र्याकडे वळली. पत्र्याने बघितलं, लोक आपल्याकडे बघून हसतायत, धाकटाही हसतोय. मग तोही हसला. मान डोलावून, काठी उंचावून, सगळ्यांबरोबर हसला. त्याची बायको माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. आपल्यावर काय विनोद झाला हे त्याला माहीतच नाही, हे त्या सभागृहात तेव्हा फक्त तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या गाण्यात त्याने मध्येच काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. आदळल्या नाहीत, ठेवल्या, जेवण झाल्यावर चमचा ठेवावा तशा. उठला आणि मागच्या पडद्यातून गेला. बसवालीने एका हाताने खंजिरी उचलली, लोकांना टाळ्या धरायला लावल्या, घड्याळवाला होताच. आणि सांगायला जड जातं, पण गाणं सुंदर झालं. लोक उभे राहिले. माझी नात खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचली. धाकट्याच्या गालावरून पाणी वाहत होतं की घाम, कोणास ठाऊक, पण असा तो आयुष्यात कधी गायला नव्हता. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

दोन दिवसांनी मी पत्र्याच्या घरी गेले. तो कामावर होता. त्याची बायको कांदे निवडत होती. मी म्हटलं, "अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? दोघं लहानपणापासूनचे."

ती म्हणाली, "ताई, त्यांना ऐकू येत नाही."

"काय?"

"एक कान आमच्या लग्नाआधीच गेला होता. दुसरा हळूहळू. कारखान्यात सगळ्यांचंच जातं थोडं थोडं, ह्यांचं सगळंच गेलं. आता समोर बसून बोललात तर ओठांवरून कळतं."

माझ्या डोळ्यांपुढे सगळी वर्षं उलटी फिरली. ती टक लावून ऐकायची सवय, तो घमेंडखोरपणा. मी विचारलं, "मग वाजवायचा कसा?"

"फळीवरून. भाऊंचा पाय पडला की स्टुलातून ह्यांच्या अंगात यायचा. म्हणायचे, मला गाणं पोटऱ्यांत ऐकू येतं."

"सांगायचं ना गं एकदा."

"मी म्हणायचे. तर म्हणायचे, सांगितलं तर तो मला ठेवेल. पण मग दया म्हणून ठेवेल." तिने कांद्याची सालं गोळा केली. "त्या दिवशी घरी आल्यावर विचारलं, लोक का हसले? मी सांगून टाकलं. खोटं बोलायला हवं होतं, ताई. एवढी वर्षं बोलले, त्याच दिवशी जमलं नाही."

घरी येताना मी तशीच धाकट्याच्या दुकानात गेले. तोंडातल्या चुका काढ म्हटलं, मग सांगितलं. ऐकून त्याने हातातली हातोडी समोरच्या खुर्चीवर ठेवली. खुर्ची उघडी होती, पट्ट्या लोंबत होत्या. मग फळी उचलली, खांद्यावर घेतली आणि निघाला. गुडघे दुखतात ह्याचे. मी मागोमाग गेले, एकट्याला सोडवेना.

पत्र्या नुकताच कामावरून आला होता, अंगणातल्या नळावर हात धूत होता. धाकटा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, फळी भिंतीला टेकवली आणि हळू, तोंड मोठं करून म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"ओरडू नकोस," पत्र्या म्हणाला. "ओरडलास की तोंड वाकडं होतं, काही कळत नाही. नेहमीसारखं बोल."

"मला माहीत नव्हतं रे."

"मीच कळू दिलं नव्हतं. त्यात तुझा काय दोष?"

"मी बोललो ते..."

"ते बोललास. त्यात आहे." त्याने हात पुसले. रागाने नाही म्हणाला. हिशोब सांगतात तसं म्हणाला.

धाकटा म्हणाला, "जुनं वाजवू. खानावळीत, शनिवारी. कोट नको, पिपाणी नको. तू आणि मी."

पत्र्या हसला. "जुनं तू आता माझ्यासाठी वाजवशील."

"मग? मित्र आहेस."

"आधी आपण आपल्यासाठी वाजवत होतो." मग त्याने विचारलं, "तिसऱ्या गाण्यात लोक उठले होते ना?"

"तू गेल्यावर."

"पडद्यामागून बघितलं मी. आपल्या गाण्यांना लोक माना हलवायचे. ते खांदे हलवत होते. तुझ्या ताईची नात नाचत होती. ते चांगलं आहे, म्हणून सांगतो. जा आणि ते कर."

"तुझ्याशिवाय?"

"माझ्याशिवायच होतं ते," पत्र्या म्हणाला. "मी असतो तर झालं नसतं."

त्यावर माझ्या भावाला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला मी हाताला धरून घरी आणलं. फळी तिथेच राहिली. पत्र्याच्या बायकोने नंतर ती धुण्याच्या दगडाशी टाकली, निसरडं होतं म्हणून. चांगलं लाकूड होतं, अजून टिकलंय.

पुढे धाकट्याचं नाव झालं. फार मोठं नाही, पण आमच्या मापाने मोठं. दुसऱ्या गावांतून बोलावणी येतात. त्या कोटांची आता फॅशन म्हणे. ड्रमला एक नवा माणूस आहे, चांगला आहे, कान तिखट आहेत. धाकट्याचं रडकं गाणं सगळ्यात जास्त चालतं, लोक त्यावर सगळ्यात जास्त नाचतात. त्यात बाई सोडून गेल्याचं आहे. त्याची बाई कुठेही गेलेली नाही, ती दर आठवड्याला माझ्याकडे येऊन त्याच्या तक्रारी सांगते. गाण्यात कोण गेलंय ते आम्हा दोघींना कळतं.

आणि पत्र्याशी भांडण आहे असंही नाही. रस्त्यात भेटतात. धाकटा आता थांबतो, समोर जातो, सावकाश बोलतो. काय बोलतात? गुडघे. कारखान्यात नवीन मशीन आलं. नातवाला दात आला. दोन-चार वाक्यांत संपतं, आणि मग दोघं तिथेच उभे राहतात, कुठे बघावं कळत नाही. बायकांना एकत्र बसायला कारण लागत नाही. ह्या दोघांना एक काम होतं, त्या कामाच्या आडून ते आयुष्यभर एकमेकांजवळ बसले. काम गेलं, आता जवळ बसायचं कसं ते दोघांनाही येत नाही, आणि ह्या वयात कोण शिकवणार?

गेल्या महिन्यात धाकटा दुपारी आला. एका मोठ्या कार्यक्रमाहून आला होता, खूश असायला हवा होता. खिडकीपाशी बसला. मी भाताला फोडणी देत होते.

म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी दोनदा मागे वळून बघितलं होतं."

"माहीत आहे. मी समोरच होते."

"दोन्ही वेळा तो माझ्या पायाकडे बघत होता. मला वाटलं, चुकतंय म्हणून लाजून मान खाली घातलीय. तेवढ्यासाठी मला राग आला होता. म्हणून तसं बोललो."

मी गॅस बारीक केला. त्याच्यासाठी ताट घेतलं. तो म्हणाला, भूक नाही. मी तरी वाढलं.